हुज्जत घालू नका, हुज्जत मांडा

मराठीत ‘हुज्जत घालणे’ म्हणजे उगाच वाद घालणे. मूळ अरबीत मात्र हुज्जत म्हणजे पुरावा, दलील. उर्दूत हे दोन्ही अर्थ नांदतात. मोबाईलवर ई-चलन आलं की नेमका कोणता अर्थ निवडायचा, हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे.

पुणे-नाशिक महामार्गावर पूर्वी पोलिसाने हात केला की गाडी थांबायची. ‘साहेब, जाऊ द्या’ म्हणत गयावया व्हायची. आमच्यातल्या अनेकांना आणखी एक धास्ती असायची: लायसन्सवरचं नाव वाचून साहेबांचा सूर बदलेल का? कॅमेरा नाव वाचत नाही, फक्त नंबर वाचतो. याचं मला बरंच वाटतं. पण त्याच्यापुढे गयावया चालत नाही, तसंच चलन न पाहता घरी आदळआपट करूनही काही होत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची पिकअप नेतात. गाडी दुसऱ्याची. वेगाचं चलन मालकाच्या मोबाईलवर आलं आणि रक्कम यांच्या पगारातून कापायची ठरली. चलन उघडून कुणी पाहिलंच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात ही रक्कम लहान नाही.

म्हणून आधी चलन वाचावं. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेला नियम १६७ अ सांगतो की चलनासोबत नंबर स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कलम हवं. २०२१ च्या त्या नियमात नोटीस १५ दिवसांत निघावी अशी अट होती. यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं आणि कॅमेऱ्याच्या अलीकडे सूचनाफलक हवा.

मग रस्ते तीन. चूक आपली असेल तर मुकाट्याने दंड भरावा. त्याच महामार्गाच्या कडेने आपली मुलं शाळेत जातात. गाडी आपली नसेल, नंबर चुकीचा वाचला असेल किंवा कुणी बनावट पाटी लावली असेल, तर महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ ॲपवर तक्रार नोंदवावी. बनावट पाटीची खबर पोलीस ठाण्यातही द्यावी. तिथे दाद लागली नाही तर न्यायालय आहे. लोकअदालतीची नोटीस आली तर एवढं लक्षात ठेवा: तिथे तडजोड होते, दोषी कोण हे ठरत नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपील नाही. ‘मी हे केलंच नाही’ असं ज्याला म्हणायचं आहे, त्याने दंडाधिकाऱ्यांपुढेच म्हणावं.

त्या पिकअपचा फोटो शेवटी आम्ही उघडला. गाडी तीच, वेगही जास्तच. पण तारीख पाहिली, तर त्या दिवशी हे गृहस्थ सुट्टीवर होते आणि गाडी मालकाच्या भाच्याकडे होती. मालकानेही ते मान्य केलं. दंड भरला गेला, पण ज्याचा होता त्याच्या खिशातून. आवाज कुणाचाच चढला नाही. एक तारीख पुरली.