ताईचं बाळंतपण म्युनिकला, आईची फाइल दिल्लीत

लेक किंवा सून युरोपात असेल आणि गोड बातमी आली, तर आधी पेढे वाटले जातात आणि लगेच कोणीतरी विचारतं, ‘‘मग तुम्ही कधी निघताय?’’ आमच्याकडे हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. ताई आणि भाऊजी म्युनिकला, आम्ही नोएडात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ताईचा स्वतःचा जन्मही अकोल्याचा, आजीच्या घरी. पण तिची नोकरी, विमा, डॉक्टर सगळं तिकडे. तेव्हा लेक माहेरी येण्याऐवजी माहेरानेच लेकीकडे जायचं ठरलं. बाबांना इतकी रजा नाही, म्हणजे आई एकटी जाणार. ८५ दिवसांसाठी.

घरात इंग्रजी शिकलेली मी, म्हणून कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, यादी डाउनलोड करायची, एकेक कागद लावायचा, झालं. तुम्हालाही तसंच वाटत असेल, तर आमची फाइल कुठे कुठे अडली ते वाचून ठेवा.

एक व्हिसा, २९ देश

ताईकडे जायचं म्हणजे जर्मनीला. पण मिळतो तो शेंगेन व्हिसा, आणि तो एका देशापुरता नसतो. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या छोट्याशा गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायची. आज त्या करारात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हीत नाही. त्यामुळे ‘म्युनिकला जातेच आहे तर लंडनच्या मावशीकडेही चार दिवस’ हा आईचा बेत मला तिथेच मोडावा लागला. लंडनसाठी वेगळा व्हिसा लागतो. शिवाय शेंगेन व्हिसावर ‘सिंगल एंट्री’ लिहिलेलं असेल, तर लंडनला गेल्यावर परत म्युनिकला येता येत नाही. दिवस शिल्लक असले तरी व्हिसा संपला. असा बेत असेल तर अर्जातच ‘मल्टिपल एंट्री’ मागा आणि कारण लिहा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यावर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये दोन दिवस चर्चा झाली. ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याचा व्हिसा काढा, असं एका काकांचं ठाम मत. हे ऐकू नका. जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत सारखेच दिवस असतील, तर जिथे आधी प्रवेश कराल त्या देशाकडे. विमान पॅरिसला बदलत असेल, तरी त्याने हे ठरत नाही.

आणि दिवस मोजून जायचं. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ‘तीन महिने’ असं ढोबळ धरू नका, कारण पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस त्यात मोजले जातात. बाळंतपण पुढे गेलं तरी दिवस आपोआप वाढत नाहीत. म्हणून आम्ही तारखेच्या दोन आठवडे आधीचं जाणं ठरवलं आणि पाच दिवस हाताशी ठेवले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. आम्ही अडीच महिने आधी गेलो आणि बरं झालं, कारण त्यातला पहिला महिना आईचं नाव शोधण्यात गेला.

‘‘काम क्या करती हैं?’’

व्हिसाच्या फाइलमधला प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचं उत्तर असतो. ही बाई परत येईल ना? नोकरदार माणसाकडे त्यासाठी पगाराच्या स्लिपा असतात, रजेचं पत्र असतं, आयकर विवरणपत्र असतं. आईकडे काय होतं? तीस वर्षं तिने घर चालवलं, पण वीजबिल बाबांच्या नावावर, फ्लॅट बाबांच्या नावावर, गॅस बाबांच्या नावावर. तिचं एक बचत खातं होतं, त्यात भिशीचे आणि माहेरून आलेले मिळून काही पैसे. बाबा म्हणाले, आत्ताच्या आत्ता तीन लाख टाकतो तुझ्या खात्यात. तसं करू नका. अर्जाच्या तोंडावर एकदम आलेली मोठी रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच डोळ्यांत भरते आणि ती कुठून आली हे समजावत बसावं लागतं. त्यापेक्षा खरं तेच सांगा. आम्ही आईचं स्टेटमेंट जसं होतं तसं लावलं. सोबत बाबांचं आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा, फ्लॅटचे कागद आणि बाबांचं पत्र, की खर्च कोण करणार, आई किती दिवस जाणार आणि परत कुणाकडे येणार.

जर्मनीत राहणाऱ्या नातेवाइकाला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन पाहुण्याच्या खर्चाची हमीही देता येते. त्या कागदाचं नाव ‘फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग’. आईने ते तीन तुकडे करून पाठ केलं, आणि बाबांना अजूनही येत नाही म्हणून चिडवते. या हमीपत्राची मूळ प्रतच लागते, फोटो काढून पाठवलेली चालत नाही. ताईने ती कुरिअरने पाठवली. तो वेळही धरून ठेवा.

आता नावाची गोष्ट. आई लेकीकडे जातेय, तर ती तिची आई आहे याचा पुरावा हवा. ताईचा जन्मदाखला काढला आणि आम्ही सगळे गप्प झालो. पासपोर्टवर आईचं सासरचं नाव. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनावच नाही, तर तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलायची पद्धत होती. पण ताईचा जन्म माहेरी, नोंद आजीने सांगितलेली, आणि आजीच्या तोंडात लेकीचं तेच जुनं नाव. कागदावर ताईची आई कोणी वेगळीच बाई होती! आजी आता नाही, नाहीतर तिलाच फोन लावला असता.

तुमच्या घरात आई, सासू, आत्या यांपैकी कोणाचं नाव बदललेलं असेल, तर हे आजच तपासा. पासपोर्ट, आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले सगळं टेबलावर मांडा आणि नावं अक्षरशः लावून बघा. आमच्याकडे लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्रही नव्हतं. लग्नाची पत्रिका होती, ज्यात दोन्ही नावं नव्हती. शेवटी लग्नाची नोंदणी केली, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं आणि अर्जासोबतच्या पत्रात हे सगळं चार ओळींत सरळ लिहिलं. ते पत्र वाचून आई म्हणाली, ‘‘माझं ते नाव इतक्या वर्षांनी कोणीतरी टाइप केलं.’’

बाकी नियम सोपे आहेत, पटकन सांगते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा. बीपी-शुगर असेल, तर आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते बारीक अक्षरातलंही वाचा. तिकिटाचं रिझर्व्हेशन पुरतं, व्हिसा येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका. फी मोठ्यांना ९० युरो, ६ वर्षांपासून १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही.

केशरी लाइनवरचं स्टेशन

दिल्लीत दूतावास चाणक्यपुरीत आहेत. शांतिपथावरून जाताना रांगेने झेंडे दिसतात. पण आपल्याला तिथे जायचं नसतं. अनेक युरोपीय देशांचे अर्ज शिवाजी स्टेडियम मेट्रो स्टेशनातल्या केंद्रात घेतले जातात. एअरपोर्ट एक्सप्रेस लाइनवरचं हे स्टेशन. आम्ही नोएडाहून ब्लू लाइनने राजीव चौकला उतरलो आणि बाबा खडकसिंग मार्गाने चालत गेलो. वाटेत हनुमान मंदिर. आईने चपला काढल्या, फाइल कपाळाला लावली, मग आम्ही पुढे. बाहेर मेंदीवाल्या बायका बसलेल्या असतात, त्यांनी आईचा हात धरला, पण मी ओढून नेलं. बोटांचे ठसे द्यायचे होते!

एक लक्षात घ्या, केंद्रात फक्त अर्ज, ठसे आणि फी घेतात. निर्णय दूतावास घेतो. त्यामुळे काउंटरवरच्या मुलीला आपली कहाणी सांगण्यात अर्थ नाही, ती कागदावर हवी. आणि ‘अपॉइंटमेंट लवकर मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

‘‘काम क्या करती हैं?’’ काउंटरवर विचारलं. फॉर्मवर मी ‘गृहिणी’ लिहिलं होतं. आई म्हणाली, ‘‘कुछ नहीं.’’ मी काही बोलणार तोवर ठशांची वेळ झाली. मशीन आईचे अंगठे घेईना. एकदा, दोनदा, चारदा. भांडी, पीठ, फिनेल यांनी झिजलेल्या रेषा. तिथल्या माणसाने ओला टिश्यू दिला, आईने बोटं पुसली, दाबून धरली, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला. आई हसून मला म्हणाली, ‘‘बघ, कुछ नहीं करती, तरी.’’ तुमच्या घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत ही अडचण येऊ शकते. आठवडाभर आधीपासून हाताला तेल किंवा क्रीम लावायला सांगा. एकदा दिलेले ठसे साधारण पाच वर्षं, नेमके ५९ महिने, पुढच्या अर्जांना चालतात.

तिथून आम्ही बंगला साहिब गुरुद्वारात लंगर जेवलो आणि घरी आलो. अठराव्या दिवशी पासपोर्ट आला. व्हिसा ८५ दिवसांचा, सिंगल एंट्री. पुढच्या वेळी सोपं जाईल, कारण एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झालाय. तीन वर्षांत दोन व्हिसा मिळून ते नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा.

बॅगेत काय गेलं, काय राहिलं

डिंकाच्या लाडवांचा डबा भरून तयार होता. पण बाहेरून युरोपियन युनियनमध्ये जाताना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप नाही, पेढे नाहीत, आणि तुपातल्या लाडवांचा धोका कशाला? डबा आम्ही खाल्ला. आईने डिंक, खारीक आणि सुंठ वेगवेगळी बांधून नेली आणि तिकडच्या लोण्याचं तूप कढवून लाडू केले. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली.

त्याच केशरी लाइनने आम्ही तिला टर्मिनल ३ वर सोडलं. हमीपत्राची प्रत, विमा, ताईचा पत्ता हातातल्या पर्समध्ये, बॅगेत नाही. व्हिसा असला तरी उतरल्यावर अधिकारी हे मागू शकतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली आहे. शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे घेऊन येण्या-जाण्याची नोंद संगणकात होते. राहिलेले दिवस आता संगणक मोजतो, तेव्हा एक दिवसही इकडेतिकडे नको.

नातू झाला. तो दीड महिन्याचा झाल्यावर भाऊजींनी बेत काढला, की ट्रेनने दिवसभरासाठी साल्झबुर्गला जाऊ, ऑस्ट्रिया बघून होईल. दोन तासांच्या आतला प्रवास आणि व्हिसा तोच चालतो. पण सीमा उघडी असली तरी परतताना जर्मन पोलीस गाडीत चढून कागद तपासतात, त्यामुळे पासपोर्ट सोबत हवाच. आईने तो पर्समध्ये टाकला, डबा भरला, स्वेटर घातला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की बाळाचा पासपोर्ट अजून भारतीय वाणिज्य दूतावासातून यायचाय.

भाऊजी म्हणाले, आपण दोघं जाऊन येऊ. आईने स्वेटर काढून ठेवला. ‘‘त्याचे कागद होऊ देत,’’ ती म्हणाली, ‘‘आणि नाव नीट बघून घ्या.’’