खिडकीचे भाडे

आमच्या कुडव्याला डोंगर नाही. गोंदिया शहराला अगदी खेटून असलेले हे गाव. पण गाव काय आणि शहर काय, दोन्ही परातीत थापलेल्या भाकरीसारखी सपाट. जिकडे पाहावे तिकडे धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. उंच म्हणावे असे आमच्याकडे दोनच : बांधीचा धुरा आणि पाण्याची टाकी. त्यांतल्या टाकीवर चढायला मनाई, आणि धुऱ्यावर चढून दिसते काय, तर शेजाऱ्याचे धान आपल्यापेक्षा बरे आहे एवढेच!

सपाट मुलखातल्या माणसाला उंचीची मोठी ओढ असते. पुण्यामुंबईचा पाहुणा आमच्याकडे आला की तलाव पाहायला धावतो. मी मात्र कोणत्याही शहरात उतरलो की पहिला प्रश्न विचारतो, "इथे फुकट चढता येईल असे उंच ठिकाण कोणते?" 'फुकट' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. शाळामास्तराला त्याची लाज बाळगून चालत नाही. मी कादंबऱ्याही लिहितो हे खरे, पण माझ्या एकाही कादंबरीने आजवर माझे आगगाडीचे तिकीट काढलेले नाही.

गाड्यांच्या बाबतीत मात्र आम्ही भाग्यवान. विदर्भ एक्सप्रेस आम्हाला थेट मुंबईला नेऊन सोडते, आणि महाराष्ट्र एक्सप्रेस तर गोंदियाहून निघून पुणे, सातारा करीत कोल्हापूर गाठते. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सारी वाट महाराष्ट्रातूनच! एक रात्र गाडीत काढली की सह्याद्रीचे डोंगर आपले. साताऱ्यात गावाच्या डोक्यावर अजिंक्यतारा उभाच आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कात जावे. चौपाटीपासून पुढे गेलेला समुद्राचा वळसा समोर उलगडतो, आणि दिवे लागले म्हणजे त्याला राणीचा हार का म्हणतात हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. समोरच्या फिरोजशहा मेहता उद्यानात फिरताना तर आपल्या पायाखाली शहराच्या पिण्याच्या पाण्याचे टाके असते. या टेकडीवर झाडांमधून जाणारा एक उंच लाकडी मार्ग २०२५ साली झाला. त्याला तिकीट आहे. पण ही जुनी दोन उद्याने अजून तुमचा खिसा तपासत नाहीत. शेजारच्या इमारतींत हेच दृश्य खिडकीतून दिसावे म्हणून लोक कोट्यवधी रुपये मोजतात. आम्ही ग्रँट रोडच्या एका लहानशा लॉजात उतरलो होतो. तिथून रमतगमत चालत गेलो, तेच दृश्य पाहिले आणि परत येताना भेळ खाल्ली.

मुक्कामाचा माझा नियम यातूनच तयार झाला. मुक्काम टेकडीच्या पायथ्याशी करावा, पहाटे पायी जाऊन पायी परत येता येईल इतक्या अंतरावर. खोलीत पंखा, पाणी आणि दाराला धड कडी असली म्हणजे पुष्कळ झाले. खिडकीसाठी जास्तीचा एक पैसा देऊ नये. पुण्यात एका लॉजाच्या मालकाने आम्हाला डोंगर दिसणारी खोली दाखवली आणि तिचे दोनशे रुपये अधिक सांगितले. आमच्या मंडळींनी खिडकी उघडली, पाहिले, पुन्हा लावली आणि मला विचारले, "पैसे खिडकीचे द्याचे का खाटेचे?" डोंगर दिसत होता, यात शंका नाही. पण डोंगरावरून जे दिसते ते काही त्या खिडकीतून दिसत नव्हते. आम्ही मागच्या बाजूची खोली घेतली.

तो डोंगर म्हणजे पर्वती. एकशेतीन पायऱ्या चढून गेले की सारे पुणे खाली पसरलेले. वरच्या संग्रहालयाला तिकीट पडते. पायऱ्यांना, वाऱ्याला आणि पुण्याला पडत नाही. मात्र हे फुकटपण वाटते तितके जुने नाही. शहर वरून पाहणे हा एके काळी राजाचा आणि शिपायाचा हक्क होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालली असता दुसरा बाजीराव ती या पर्वतीवरून पाहत होता. त्याच महिन्यात, २६ आणि २७ तारखांना, आमच्या नागपुरात सीताबर्डीच्या टेकड्यांसाठी भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज झुंजले. ज्याच्या हाती टेकडी त्याच्या हाती शहर, असा तो हिशेब. टेकडी इंग्रजांच्या हाती राहिली आणि तिच्यावर त्यांनी किल्ला बांधला. तो आजही सैन्याकडे आहे, आणि सामान्य माणसासाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतो.

लढाया संपल्या तरी उंची सर्वांची झाली नाही. १९२९ साली याच पर्वतीवरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांनी सत्याग्रह केला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती. सत्याग्रहींवर दगड पडले, दार मात्र त्या वेळी उघडले नाही. तिकीट तेव्हाही नव्हते. पण तिकीट नसणे आणि वाट मोकळी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी त्या पायऱ्या चढतो तेव्हा ही आठवण ठेवतो. शाळेत मुलांनाही सांगतो.

आणखी एक गंमत पाहा. मुंबईत टेकडीवर धनवंत राहतात. पुण्यात याच पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे, कष्टकऱ्यांच्या घरांना घर लागून. तिथल्या कितीतरी दारांतून शहराचे असे दृश्य दिसत असेल की मुंबईत त्याची किंमत ऐकून घेरी यावी! पण पाण्याची घागर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला दृश्याचे काय सांगावे? उंची सुखाची व्हायची तर ती आपण होऊन चढलेली असावी लागते, आणि उतरून जायला बरे घर असावे लागते.

हे सारे मी प्रवासाच्या हौसेने सांगतो आहे असे वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही पर्वतीवर गेलो ते हौसेने नव्हे. मुलीला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मी स्वतः मॅट्रिकला थांबलेला मनुष्य. आमच्या घरातून शिकायला इतक्या दूर जाणारी ही पहिलीच. पुण्यात उतरल्यापासून ती बोलेनाशी झाली होती. रस्ता ओलांडताना लहानपणीसारखे माझे बोट धरायची. शहरात तुम्ही खाली उभे असता तेव्हा त्याला शेवटच नसतो. एका रस्त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. रात्री तिची आई मला हळूच म्हणाली, "परत नेऊ का हिला?" मी उत्तर दिले नाही. माझ्याजवळ ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघे पर्वतीवर गेलो. पावसाळी ढग होते. ती कठड्याशी उभी राहून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने स्वारगेट शोधून काढले. मग आमच्या लॉजाचा रस्ता. खाली झाडांचा दाट पुंजका दिसत होता, ती सारसबाग. तिथे पेशव्यांच्या वेळचे तळे होते, आतला गणपती म्हणूनच 'तळ्यातला गणपती', आणि पुढे ते तळे जाऊन बाग झाली, हे मी तिला सांगितले. "म्हणजे इथेपण तलाव होता?" ती म्हणाली. दोन दिवसांत तिने आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

त्याच दिवशी आम्ही दोन खोल्या पाहिल्या. एक कॉलेजजवळ, चौथ्या मजल्यावर, मोठ्या खिडकीची. दुसरी सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात, एका खोलीत तीन कॉट आणि खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची भिंत. भाड्यात चांगलाच फरक होता, पण मी मनाशी ठरवले होते की या एका खिडकीसाठी माझा नियम मोडायचा. मुलीने वाड्यातली खोली धरली. मी भिंतीकडे बोट दाखवले, तर म्हणाली, "खिडकी तिकडे वर आहे ना, बाबा. चालत जाता येते."

भाड्यात वाचले ते तिच्या मेसला आणि घरी येण्याच्या तिकिटाला लागतात. घरची आठवण येते का, असे तिची आई फोनवर विचारते. ती "नाही" म्हणते. पण एखाद्या रविवारी सकाळी फोनमध्ये तिच्या आवाजाआधी वारा ऐकू येतो, आणि मग आम्ही तो प्रश्न विचारत नाही. यंदाच्या दिवाळीचे तिकीट तिने दोन महिने आधीच काढून ठेवले आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांच्या गावाला टेकडी आहे त्यांना एक विनंती. दिवाळीला सपाट मुलखातला कुणी पाहुणा आला तर फराळ झाल्यावर त्याला एकदा वर घेऊन जा आणि खालचे दिवे दाखवा. आणि त्या वाटेवर कधी कुणी फाटक उभारून तिकिटाची खिडकी मांडू लागले, तर गप्प बसू नका. आम्हाला शहरात तेवढी एकच खिडकी परवडते.