झोपेची गोळी आणि आईची शुद्ध

“डॉक्टरसाहेब, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही जी.” हुडकेश्वरच्या माझ्या दवाखान्यात सकाळी येणाऱ्या वृद्ध रुग्णांपैकी दोघे-तिघे तरी रोज हे वाक्य बोलतात. रक्तदाब झाला, साखर झाली, की उठताना दाराशी थांबून थोड्या संकोचाने ही तक्रार पुढे येते. पुष्कळ वर्षे माझे उत्तर ठरलेले होते : अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी, रात्री एक. हे उत्तर किती उथळ होते, ते मला माझ्या आईच्या आजारपणाने शिकविले.

२०१० साली वडील गेले, तेव्हा आई ७३ वर्षांची होती. तेरवी झाली, पाहुणे परतले आणि तिची झोप उडाली. रात्री दोन वाजता ती स्वयंपाकघरात दिवा लावून तांदूळ निवडत बसलेली दिसे. मी मुलगा आणि डॉक्टर. दोन्ही नात्यांनी काहीतरी करणे मला भाग वाटले. मी गोळी सुरू केली, ती पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांची आठ वर्षे झाली आणि पाव मिलिग्रॅमची मात्रा अर्ध्यावर गेली. चिठ्ठी मीच लिहीत असे, गोळ्याही मीच आणीत असे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे ‘एच-१’ या अनुसूचीत आली. दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा दंडक झाला. त्या वहीत महिन्यामागून महिने रुग्ण म्हणून आईचे आणि डॉक्टर म्हणून माझे नाव चढत होते. तरीही मी थांबून विचार केला नाही.

२०१८ च्या मे महिन्यातील एका रात्री कूलरच्या घरघराटात आई लघवीसाठी उठली आणि झोपेच्या गुंगीत उंबऱ्याशी पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली; पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई बदलली. हात थरथरू लागले, अंगाला घाम सुटला, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या. ती सलाईनची नळी ओढू लागली आणि मला पाहून म्हणाली, “अहो, आलात?” नातेवाइकांत कुणी ‘म्हातारचळ’ म्हटले, कुणी दृष्ट काढण्याचे सुचविले. मी मनाशी स्मृतिभ्रंशाचे निदान करून मोकळा झालो.

रात्रपाळीच्या तरुण डॉक्टर मुलीने मात्र एकच प्रश्न विचारला, “सर, आजी घरी झोपेची गोळी घेतात का?” दाखल करताना औषधांची यादी मीच लिहून दिली होती. तीत रक्तदाबाची गोळी होती, थायरॉइडची होती, कॅल्शियमचीही होती. झोपेची नव्हती. इतक्या वर्षांत ती मला औषध वाटेनाशीच झाली होती.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन पेशींना शांत ठेवते. ही गोळी त्या रसायनाचा प्रभाव वाढविते. रोज गोळी मिळू लागली, की मेंदू आपला सारा कारभार तिच्या भरवशावर बेततो. मग ती एकाएकी थांबली, तर पेशींवरचा आवर सुटतो आणि थरकाप, घाम, भास, क्वचित झटकेसुद्धा येतात. आईची आठ वर्षांची गोळी रुग्णालयात पाऊल ठेवल्याक्षणी बंद झाली होती. ती पुन्हा सुरू केल्यावर दोन दिवसांत आई भानावर आली.

या अवस्थेला ‘डिलिरियम’ म्हणतात; तापात बरळणाऱ्या माणसाला जुनी मंडळी ‘वातात गेला’ म्हणत, तीच ही. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यांपलीकडची चौथी, अशा अवस्था सांगितल्या आहेत. आईकडे पाहताना मला वाटले, की हिची जागृती आणि स्वप्न एकमेकांत मिसळली आहेत. डोळे उघडे आहेत आणि स्वप्न चालूच आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी, हळूहळू येतो. डिलिरियम तासांत वा एक-दोन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-अधिक होतो आणि बहुधा रात्री बळावतो. त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर उतरणे, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध किंवा सुटलेले औषध, असे काहीही असू शकते. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही वृद्धांना भ्रम होऊ शकतो. तेव्हा ‘वय झाले’ म्हणून सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला त्याच दिवशी, रात्र असली तर रात्रीच, डॉक्टरांकडे न्यावे.

वयाबरोबर गाढ झोप कमी होते, जाग वारंवार येते आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकून पहाट लवकर होते. हा रोग नव्हे. गोळीने झोप लागते खरी, पण गाढ झोपेचा वाटा आणखी घटतो. शिवाय वृद्ध शरीर औषध सावकाश बाहेर टाकते. डायझेपामची रक्तातील पातळी निम्म्यावर यायला विशीत सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीत ८० तासांच्या आसपास. कालची गोळी उतरण्याआधीच आजची पोटात जाते आणि माणूस दिवसाही धुंदीत चालतो.

आईची गोळी आम्ही पाच महिन्यांत, दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी करीत सोडविली. साडेआठला अंथरुणाला पाठ टेकणारी आई साडेदहाला झोपू लागली. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली, चारनंतरचा चहा बंद केला, सकाळी अंगणातले कोवळे ऊन सुरू केले. पहिले दोन महिने कठीण गेले. ती माझ्यावर रागावली, रडलीही. कॅनडात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्या वृद्धांना केवळ एक माहितीपुस्तिका देण्यात आली. सहा महिन्यांत त्यांतील २७ टक्क्यांनी गोळी सोडली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. आईला मी आठ वर्षांत एकदाही काही समजावून सांगितले नव्हते.

आज आईचे वय सत्त्याऐंशी आहे. ती पाच-साडेपाच तास झोपते आणि चारला उठते. कधी मीही उठून तिच्याजवळ बसतो, तेव्हा ती वडिलांच्या आठवणी सांगते. अशा वेळी २०१० मधील ते निवडायचे तांदूळ आठवतात. त्या रात्री सुपापाशी तिच्यासमोर बसलो असतो, तर गोळी टळली असती की नाही, कोण जाणे. पण बसायला हवे होते, एवढे खरे.

वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांचा औषधांचा डबा आज उघडून पाहा. त्यात झोपेची गोळी असेल, तर ती उद्यापासून बंद करू नका. एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. किती वर्षे चालू आहे ते विचारा, कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली, तर यादीत तिचे नाव सर्वांत वर लिहा.