हरलो ते बरं झालं

मे 1943 मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात काही घोडेस्वारांनी पाचशेहून अधिक गुरं सरकारच्या राखीव जमिनीतून हाकत नेली. सोबत बंदुका होत्या. हॉलिवूडचा नट वॉलेस बिअरीही घोड्यावर होता. त्याच्या मालकीची म्हणे एकच दुभती गाय होती. बाकीच्यांचं पोट मात्र खरोखरच गुरांवर होतं. त्यांतले एक तिशीचे क्लिफर्ड हॅन्सन. जॅक्सन होलच्या खोऱ्यात रँच असलेल्या घरात 1912 साली जन्मलेले, लहानपणी बोलताना अडखळायचे, आणि 1943 मध्येच टेटन काउंटीचे कमिशनर झालेले. पुढे ते राज्याचे गव्हर्नर झाले, बारा वर्षं सिनेटर राहिले. ज्याची गुरं सरकारी कुरणात चरतात त्यानेच त्या कुरणाचे नियम ठरवणाऱ्या सभागृहात बसावं का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून सुटत नाही. माझं उत्तर ‘बसावं’ असं आहे. मात्र त्याचा स्वार्थ चारचौघांना दिसायला हवा, आणि त्याला हरवण्याची सोयही असायला हवी.

भांडण काय होतं ते आधी पाहू. 1929 साली ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यात डोंगररांग आणि तिच्या पायथ्याची तळी आली. समोरचं सपाट खोरं बाहेरच राहिलं. रँचवाल्यांची गुरं तिथेच चरत आणि एल्क हरणांचे कळपही त्याच वाटेने येत-जात. आपण ज्याला गायरान म्हणतो ते गावाचं असतं. इथली बरीचशी जमीन केंद्र सरकारची, आणि चराईसाठी परवाना लागे. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी स्नेक रिव्हर लँड कंपनी या नावाआडून खोऱ्यातली सुमारे 35,000 एकर जमीन विकत घेतली, ती उद्यानाला द्यायची म्हणून. विकणाऱ्यांना खरा गिऱ्हाईक कोण ते ठाऊक नव्हतं. पुढे संसदेला वळसा घालून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मार्च 1943 मध्ये 1906च्या एका कायद्याच्या आधारे खोऱ्यातल्या दोन लाखांहून अधिक एकरांना राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. हेतू थोर खरा, पण आला तो मागच्या दाराने. गुरं गेली ती भर दिवसा, वर्तमानपत्रांच्या देखत. या दोन पद्धतींत लोकशाहीला दुसरी अधिक मानवते, असं माझं मत आहे. त्या दिवशी गुरांमागे चाललेल्यांची बाजू चुकीची होती हे मान्य करूनही.

बाजू चुकीची होती हे खुद्द हॅन्सन यांनीच पुढे कबूल केलं. स्मारक रद्द करणारं विधेयक 1944 मध्ये संसदेत मंजूर झालं, पण रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली नाही आणि ते बारगळलं. 1950 मध्ये तडजोड होऊन खोऱ्याचा मोठा भाग उद्यानात गेला. पुढे सिनेटर झाल्यावर हॅन्सन यांनी जाहीरपणे सांगितलं, की तेव्हा आपलं चुकलं होतं आणि आपण हरलो ते बरंच झालं. राजकारणात ‘परिस्थिती बदलली’ म्हणणारे पुष्कळ असतात. ‘मी चुकलो’ म्हणायला ज्या मतदारांसमोर एकेकाळी बाह्या सरसावल्या, त्यांच्याच नजरेला नजर द्यावी लागते.

यावर एक आक्षेप सरळ आहे आणि तो बिनतोड वाटतो: कबुली द्यायला त्यांचं काय जात होतं? 1950च्या कायद्याने जुन्या परवानेदारांची चराई तर राखलीच, शिवाय कायदा झाला त्या दिवशी हयात असलेल्या वारसांच्या हयातीपर्यंत ती चालू ठेवली. हॅन्सन यांची मुलगी 1996 मध्ये गुरांचं काम करताना घोड्यावरून पडून वारली, तेव्हा त्या चराईचा प्रश्न उभा राहिला. आणि 1997 मध्ये संसदेने अभ्यासासाठी म्हणून मुदत वाढवून दिली. कुणाही सामान्य माणसाच्या परवान्यासाठी संसद अशी धावली असती का? मला शंका आहे, आणि ती शंका झाकून पुढे जाणं बरोबर नाही. पण त्या अभ्यासाचा विषयही पाहावा: गुरं गेली तर रँचचं काय होईल? टेटन काउंटीतली सुमारे 97 टक्के जमीन सार्वजनिक आहे. उरलेल्या चिमूटभर जमिनीला श्रीमंतांच्या बंगल्यांचा भाव आहे. कुरण परवडेनासं झालं की कुंपणापलीकडे प्लॉट पडायला वेळ लागत नाही, आणि मग एल्कची वाट अडते. रँचवाल्याचा स्वार्थ आणि खोऱ्याचं हित इथे एकाच बाजूला येतात, हे 1943 मध्ये दोन्ही पक्षांना दिसलं नव्हतं.

हॅन्सन यांच्या सचोटीचा दुसरा पुरावा मला अधिक बोलका वाटतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात त्यांचं नाव गृह खात्याच्या मंत्रिपदासाठी पुढे आलं होतं. नाव गृह खातं असलं तरी पोलिसांशी त्याचा संबंध नाही. सार्वजनिक जमिनी, उद्यानं आणि खाणी त्याच्याकडे असतात. पद घ्यायचं तर सरकारी जमिनीवरच्या चराईवर पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून त्यांनी नकार दिला. त्यागाची कथा शोधणाऱ्याचा इथे हिरमोड होईल: माणसाने गुरं निवडली, मंत्रिपद नाही. पण दोन्ही हातांत लाडू धरायचा खटाटोप त्यांनी केला नाही. मंत्रिपदही हवं आणि जमीन भावाच्या नाहीतर मुलाच्या नावावर, असली गणितं आपल्या परिचयाची आहेत; त्यापुढे हा नकार मला जास्त स्वच्छ दिसतो. सिनेटमध्ये त्यांनी राज्याला केंद्राच्या खनिज स्वामित्वधनातला वाटा वाढवून मिळावा म्हणूनही जोर लावला, आणि 1976 मध्ये तो साडेसदतीस टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला. तो पैसा रँचला नाही, राज्याला मिळाला.

हॅन्सन वारले ते ऑक्टोबर 2009 मध्ये, 97वा वाढदिवस होऊन चार दिवसांनी, जॅक्सनमध्येच. ज्या विस्ताराविरुद्ध ते लढले तो टिकला. रँचवाल्यांनी त्या तडजोडीत पदरात पाडून घेतलेली एक गोष्टही टिकली: वायोमिंगमध्ये कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला संसदेच्या संमतीवाचून नवं राष्ट्रीय स्मारक आजही जाहीर करता येत नाही.