एका माणसाची भाकरी

तांबडा रस्सा एका माणसासाठी होत नाही. मटण शिजवून अळणी काढायची, त्याच अळणीतून एका पातेल्यात चटणीचा तांबडा आणि दुसऱ्यात नारळाच्या दुधाचा पांढरा करायचा, हा सगळा घाट किलोभर मटणाचा तरी हवाच. कोल्हापूरचं बरंचसं खाणं असं भरल्या घराचं आहे. त्यामुळं इथं एकट्या राहणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त ऐकावा लागणारा प्रश्न म्हणजे, "एकट्यासाठी काय करत बसायचं?" विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. मला मात्र त्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं, कारण एकटीसाठी करत बसण्यानंच मला अनेक वाईट संध्याकाळी निभावून नेलं आहे.

तसं हे गाव बाहेरून आलेल्या एकट्यादुकट्याला जेवू घालण्यात जुनं. शाहू महाराजांच्या पाठबळानं 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत, 1908 मध्ये मिस क्लार्क, अशी एकेक बोर्डिंगं उभी राहिली. शिकायला आलेलं पोर पंगतीत जेवायचं. पुढं खानावळी आल्या आणि एसटीचे डबे आले. मी विद्यार्थी असताना कागल, पन्हाळ्याकडच्या मैत्रिणींचे डबे सकाळच्या गाडीनं स्टँडवर उतरायचे, वर नावाची चिठ्ठी. माझं गाव आजऱ्याकडचं, डबा यायचा नाही. घनसाळ तांदूळ यायचा. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, एसटी थांबली, खानावळींची दारं बंद झाली आणि राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं एकेक करून माझ्या दारात आली. कुकरला पाणी किती घालायचं, डाळीला किती शिट्ट्या काढायच्या. शिकवायचं म्हटल्यावर मला कळलं, की भाजी-आमटी सांगून होते, भाकरी करून दाखवावी लागते.

भाकरी मुळातच एकेकीची आहे. वीस माणसं जेवायला असोत, थापायची ती एक-एकच. गव्हाच्या पिठाला ताण देणारा चिकटपणा ज्वारीत नाही. कढत पाणी घातलं की पिठातला स्टार्च फुलतो आणि तेवढ्यावर गोळा धरून राहतो, तोही थोडा वेळ. म्हणून एका भाकरीपुरतं पीठ परातीत ओढायचं, तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळायचं आणि लगेच थापायला घ्यायचं. मळून ठेवलेला गोळा चिरतो. थापताना एक हात भाकरी फिरवतो, दुसरा कड सांभाळतो. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर भेगा पडतात, भाकरी फुगत नाही. मग आच. कडेनं वाफ धरते, पापुद्रा सुटतो, सगळी भाकरी टम्म होते.

एवढ्या वेळात दोन्ही हात पिठाचे असतात. फोन वाजला तर वाजतो.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. नेमणूक दर वर्षी नव्यानं, मानधन महिनोन्महिने अडकलेलं. जूनमध्ये बोलावतील का, बोलावलं तर किती तास देतील, या प्रश्नांचं उत्तर माझ्या हातात नसतं आणि डोकं तर त्याच्याभोवतीच फिरत राहतं. कुणी म्हणतं डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्या. मला ते जमत नाही. डोळे मिटले की पगारपत्रकच दिसतं. पण ते वरचं पाणी सुकायच्या आत उलटायचं, हे काम माझ्या हातातलं आहे आणि आत्ताचं आहे. पहिली भाकरी बहुधा रागातच थापली जाते, कड जाड राहते. दुसऱ्या भाकरीला हात हलका पडलेला असतो.

सोबत फार काही लागत नाही. हिरव्या मिरचीचा खर्डा, कधी झुणका, कधी मूठभर घनसाळचा भात आणि वर नुसतं वरण. त्या मूठभर तांदळाचा वास आख्ख्या खोलीत भरतो. एकाचा स्वयंपाक म्हणजे चारांच्या मापाला चारानं भागणं नव्हे, हे मात्र करता करताच कळतं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'नं 1970 मध्ये वाटी-चमच्याचं माप देऊन कितीजणींना हात धरून शिकवलं, पण ती मापं घरादाराची. निम्म्यानं, पावपटीनं करायला गेलं की लहान पातेल्यात पाणी भराभर आटतं, म्हणून पाणी हिशेबापेक्षा जास्त लागतं. फोडणीला तेलही फार कमी करून चालत नाही, मोहरी बुडायला तर हवी. कपिलतीर्थ मंडईत मी पावशेर दोडका मागते तेव्हा मावशी विचारतात, "एवढंच? घरात माणसं किती?" एकच म्हटल्यावर त्या वर दोन मिरच्या टाकतात.

चुलीनं सगळं निभतं असं मी म्हणणार नाही. काही दिवस असे गेले, की गॅसपर्यंत जायची ताकद नव्हती, भूकही नव्हती आणि झोपही. तो दुखण्याचा भाग होता. तेव्हा मी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला, पुढं डॉक्टरांकडं गेले, गोळ्या घेतल्या. भाकरी त्यानंतर पुन्हा सुरू झाली. दुखण्याला दुखणं म्हणून औषध करावं आणि रोजच्या ताणाला रोजचं काम द्यावं, हा माझ्यापुरता लागलेला हिशेब आहे.

एक गोष्ट मात्र एकटीला होत नाही, ती चटणी. वर्षाची चटणी एप्रिल-मेमध्ये डंकावर कुटून आणायची असते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, शिवाय कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने. अर्ध्या किलोसाठी डंकावर कुणी थांबत नाही. म्हणून शेजारच्या काकींच्या मिरच्यांत माझ्या मिरच्या जातात. देठं आम्ही दोघी मिळून खुडतो, कांदा गच्चीवर मी वाळवते, मसाला भाजायचा त्यांनी, कारण धने किती भाजायचे हे त्यांना वासावरून कळतं. यंदा टाळेबंदीतल्या पोरांपैकी एकजण, आता नोकरीला लागलेला, आपलाही वाटा त्यात धरा म्हणून पैसे देऊन गेला आहे. काकींनी यादीत दोन किलो मिरची वाढवली आहे.