"घेतली होती का?"

गेल्या पावसाळ्यात माझा चुलतभाऊ रात्री बाईकवरून पडला. हेल्मेट नव्हतं. डोक्याला मार, कानातून रक्त. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "पेशंटने घेतली होती का?" शेजारी एमएलसीसाठी पोलीस उभा. मी म्हणालो, "नाही हो साहेब." वास सगळ्यांना येत होता. वहिनी खाली बघत राहिली. केस होईल, इन्शुरन्स जाईल, एवढंच माझ्या डोक्यात.

तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले, घामाने चादर भिजली, अंगावर झुरळं चढतायत म्हणून सलाईन उपटायला लागला. सगळ्यांना वाटलं, मेंदूतलं रक्त वाढलं. पुन्हा सीटी स्कॅन. नवीन काहीच नाही. शेवटी रात्रपाळीच्या सिस्टरने मला व्हरांड्यात नेलं. "पोलीस नाहीये इथं. खरं सांग, रोज किती?" सांगितलं. दोन क्वार्टर, पगाराच्या आठवड्यात हिशेबच नाही. रोजची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत असं होतं, जीवही जातो, हे तेव्हा कळलं.

तो वाचला. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, दारूबद्दल एक ओळ नव्हती. निघताना "आता पिऊ नका हां", झालं. चार महिन्यांनी पुन्हा तसाच पडला. आता उजवा हात उचलत नाही, आणि मुलीचं नाव आठवायला वेळ लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची साधी यादी आहे, पाच मिनिटांचं काम. अमेरिकेत सिएटलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये जखमी पेशंटशी खाटेजवळ बसून अर्धा तास बोलले, महिन्याने एक पत्र पाठवलं. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आले: पिणं कमी झालं, पुन्हा जखमी होऊन येणंही घटलं. पुढे तिथल्या मोठ्या ट्रॉमा सेंटरना ही तपासणी सक्तीची झाली. अर्धा तास आणि एक पत्र! यात न परवडण्यासारखं काय आहे?

आपल्याकडे प्रश्न विचारतात, पण तो कागदासाठी. पोलिसासमोर, बायकोसमोर. तिथं खरं कोण बोलेल? मी नाही बोललो.

माझी मागणी एवढीच. डोक्याला मार लागलेला प्रत्येक पेशंट शुद्धीवर आला की समुपदेशकाने त्याच्याशी एकट्याने बोलावं, आणि ते एमएलसीच्या कागदात जाऊ नये. सोमवारी ११ वाजता अधीक्षकांना निवेदन देतोय. वहिनी येणार आहे. ज्यांच्या घरात असं घडलंय त्यांनी यावं, नाव सांगायची गरज नाही. आणि कुणाला आजच बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६.