गंजाखालचं पाणी

चिनी तलवार म्हटली की टोकाकडे पसरत गेलेलं रुंद, काहीसं राक्षसी पातं आणि मुठीला फडफडणारं लाल फडकं डोळ्यांसमोर येतं. चित्रपटवाल्यांनी ही तलवार मिंग काळातल्या शिपायांच्या हातीही बिनदिक्कत देऊन टाकली आहे. प्रत्यक्षात ‘बैलाचं शेपूट’ या नावाचा हा प्रकार एकोणिसाव्या शतकातला, आणि तोही बिगरलष्करी लोकांचा. त्या वेळच्या छिंग राजवटीच्या फौजेच्या सरकारी शस्त्रांत तो नव्हता. फौजेची तलवार सडसडीत असे. ‘हंसाचं पीस’ म्हणवणारं पातं बरंचसं सरळ जाऊन टोकाशी वळतं, तर ‘वाळुंजाचं पान’ मुठीपासूनच हळूहळू वळत जातं. एकधारी ती दाओ आणि सरळ, दुधारी ती जिएन. जुन्या पात्यांच्या नादी लागलेल्या माणसाला आधी डोक्यातला सिनेमा काढून टाकावा लागतो.

मग प्रत्यक्ष वस्तू हातात येते, आणि बहुधा निराशा होते. समोर असतं काळपट-तपकिरी, खड्डे पडलेलं लोखंड. म्यान गेलेलं, मुठीची दोरी कुजलेली. पण खिडकीशी नेऊन पातं तिरपं धरलं, तर एखाद्या कमी गंजलेल्या जागी काहीतरी हलल्यासारखं वाटतं. बोटभर लांबीत फिकट आणि गडद रेषा एकमेकींत शिरताना दिसतात, कोन जरा बदलला की नाहीशा होतात. संग्राहकाचे पैसे खिशातून निघतात ते इथे.

या रेषा रंगवलेल्या नसतात, कोरलेल्याही नसतात. पोलादात कार्बन जास्त असेल तर ते कठीण होतं, धार धरतं, पण तडकण्याची भीती असते. कमी असेल तर ते चिवट राहतं, पण धार टिकत नाही. लोहार दोन्ही एकत्र तापवून, ठोकून, दुमडून जोडत असे. घासून काढलेल्या पात्यावर सौम्य आम्ल फिरवलं की जास्त कार्बनचे थर काळवंडतात आणि कमी कार्बनचे उजळ राहतात. चिनी पात्यांत बहुधा कठीण पोलादाची पट्टी मधोमध घालून दोन्ही बाजूंना मऊ थर चढवत. हे पोलाद धारेशी उघडं पडतं आणि जोडाची रेघ पातंभर धावते. काही पात्यांत ती रेघ दातेरी असते. तिचं नाव ‘घोड्याचे दात’. काहींत पिळलेल्या सळ्या शेजारी शेजारी जोडल्यामुळे भोवरे उमटतात. आपल्याकडे लोहार तलवारीला पाणी देतो, आणि चांगलं पातं पाणीदार म्हणवतं. चिनी पातंही पाणी देऊन कडक केलेलंच असतं, पण त्याची लाट त्याआधी, ऐरणीवरच ठरलेली असते.

हा हव्यास आजचा नाही. सोंग काळातल्या शेन कुओ या बहुश्रुत अधिकाऱ्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय, की त्सचोऊच्या कारखान्यात त्याने खरं पोलाद होताना पाहिलं. लोखंड तापवायचं, ठोकायचं, वजन करायचं. दर खेपेला ते थोडं हलकं होतं, आणि शंभरावर खेपांनंतर वजन घटायचं थांबलं की ते शुद्ध पोलाद. ‘माशाचं आतडं’ या प्राचीन तलवारीच्या नावाचा उलगडाही तो करतो. मासा शिजवून फासळ्या काढल्या की आतड्यांची वेटोळी दिसतात, तशीच नक्षी आपल्या काळातल्या गुंडाळी पोलादाच्या तलवारींवर असते, असं त्याचं म्हणणं. साम्राज्याच्या खजिन्याचा हिशेब पाहिलेला माणूस तलवारीसाठी थेट ताटाजवळ जातो, हे मोठं लोभस आहे.

पुढे 1388 मध्ये त्साओ चाओने जुन्या वस्तूंच्या रसिकांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात पश्चिमेकडून येणाऱ्या ‘बिनत्ये’ पोलादाची परीक्षा दिली आहे: वेटोळ्यांची नक्षी किंवा तीळ आणि हिमाचे कण शिंपडल्यासारखा पोत, घासून तुरटीच्या जातीचं द्रव्य लावलं की उठून दिसणारा, मोल चांदीहून अधिक. खोटा माल ओळखायचा कसा, हेही तो सांगतो. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही नकली नक्षीचा धंदा जोरात होता. चिनी ग्रंथ बिनत्येचा संबंध इराणशी जोडतात. पण मुशीत वितळवून केलेल्या नक्षीदार पोलादाचं मोठं माहेर आपल्या दख्खनमध्येही होतं. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून ते इराणी व्यापारी नेत असत.

छ्यानलोंग या छिंग बादशहाने तर 1748 पासून स्वतःसाठी तलवारींच्या मालिकाच करवून घेतल्या. ‘आकाश’, ‘पृथ्वी’ आणि ‘मानव’ या अक्षरांखाली क्रमांक, प्रत्येकीला स्वतंत्र नाव, पात्यावर सोन्या-चांदीची जडण. त्यांतल्या काही आज बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहेत, तर काही लिलावांत फिरतात. चिनी शस्त्रं पश्चिमेत पोचण्याची मोठी निमित्तं मात्र सुखाची नव्हती: 1860 मध्ये ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगचा युआनमिंगयुआन हा शाही उन्हाळी राजवाडा लुटला, आणि 1900 मध्ये बॉक्सर बंडाच्या वेळी आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. चीनमध्ये उरलेल्या लोखंडावर नंतर 1958 ची परसातल्या भट्ट्यांची मोहीम आली. घराघरांतली भांडी-अवजारं वितळली, तिथे आजोबांच्या तलवारीची कथा काय. अमेरिकेत जॉर्ज कॅमरन स्टोन या धातुतज्ज्ञाने जमवलेली आशियाई शस्त्रं 1935 मध्ये त्याच्या मृत्युपत्राने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे गेली. तिथल्या छिंग तलवारींवर फिलिप टॉम यांनी 2001 मध्ये संग्रहालयाच्या नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला. पाती कशी घडवली, हे पाहायला लोक त्यानंतर जास्त शिकले.

आणि इथेच खरी पंचाईत सुरू होते. नक्षी दिसायला गंज काढायला हवा, आणि गंजाबरोबर थोडं पोलाद जातंच. आधीच धार लावून लावून बारीक झालेल्या पात्याचे वरचे थर एकदा घासले गेले, की खालचे वेगळ्याच रेषा दाखवतात. पहिल्या लोहाराची लाट कायमची गेलेली असते. म्हणून जाणकार आधी तेल लावून दिवसचे दिवस थांबतात, मग सैल लाल गंज तेवढा हाडाच्या किंवा पितळेच्या टोकाने उचलतात. घट्ट बसलेला काळा थर पात्याचं संरक्षणच करतो. त्याला हात लावायचा नाही. अगदीच राहवलं नाही तर टोकापासून दूर दोन बोटं रुंदीची ‘खिडकी’ उघडायची: तेवढाच भाग बारीक दगडांनी चढत्या क्रमाने घासायचा, आत काय आहे ते पाहायचं, आणि थांबायचं.

पूर्ण शिकल करायची तर चिनी परंपरेतले शिकलगार आता मिळणं अवघड. बरीच पाती जपानी पद्धत शिकलेल्या हातांकडे जातात, आणि तिथे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं; कारण जपानी दगडाला जी चमक उठवायची सवय असते, ती चिनी पात्याची नव्हे. उतावळे लोक फेरिक क्लोराइड ओततात. नक्षी क्षणात ठसठशीत उठते, फोटोत छान दिसते, आणि पातं स्वयंपाकघरातल्या डमास्कस सुरीसारखं दिसू लागतं.

मूठ हा वेगळाच प्रश्न. जपानी तलवार बांबूची एक खुंटी काढली की उघडते. चिनी पात्याचं शेपूट मात्र मुठीतून आरपार जातं आणि शेवटच्या टोपीवर ठोकून चपटं केलेलं असतं. उघडायचं तर ते चपटं टोक घासावं लागतं. म्यानाचं लाकूड ओल धरतं, तर त्यावरचं खरखरीत माशाचं कातडं फार कोरड्या हवेत आकसून सांधे सोडतं. म्हणून हवेतला दमटपणा स्थिर ठेवायचा, पात्याला हलकं खनिज तेल किंवा ब्रिटिश म्युझियममध्ये 1950 च्या दशकात तयार झालेलं सूक्ष्मस्फटिकी मेण लावायचं, आणि उघड्या बोटांनी पोलादाला शिवायचं नाही. घामातलं मीठ रात्रीत ठसा उमटवतं.

आता नकली मालाचा प्रश्न, आणि त्यासाठी झच्यांग प्रांतातल्या लोंगछ्वानकडे पाहावं लागतं. तलवारीसाठी हे गाव जुनं आणि नावाजलेलं. तिथल्या घडाईला 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. तिथले कारागीर आज उत्तम थरदार पोलाद करतात, आणि ते नवं म्हणून विकतात तोवर तक्रारीला जागा नाही. लबाडी पुढच्या हातात होते: पातं आम्लात बुडवायचं, मातीत पुरायचं, जुन्या मुठीत बसवायचं आणि छिंगचं म्हणून विकायचं. अशा मालात नक्षी पाठीपासून धारेपर्यंत सारखीच ढोबळ असते. खऱ्या पात्यात ती एका ठिकाणी गर्द, दुसरीकडे पुसट, वारंवार लावलेल्या धारेपाशी तुटक होते. पातं मुठीशी जाड असून टोकाकडे पातळ होत जातं का, हेही हातात धरून कळतं.

सगळ्यांत चांगला पुरावा कधी कधी मुठीलगतच्या धातूच्या पट्टीखाली सापडतो. तिथे ना सहाण पोचलेली असते, ना शिपायाचा अंगठा. पण ही पट्टी सरकवायची तर मूठ उघडायला हवी, आणि मूठ उघडायची तर दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणी तरी ठोकलेलं टोक घासायला हवं. त्यामुळे पारखी संग्राहक पट्टीच्या फटीत भिंग आणि बॅटरी धरून जमेल तेवढं पाहतो, आणि किमतीची घासाघीस तेवढ्यावरच करतो.